व्हरांड्यात दिलेला शब्द

आमच्या मोठ्या जाऊबाईंना सगळा बाजार भोंगा म्हणायचा, आणि तोंडावर म्हणायचा. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट कोणी नवा खरेदीदार अदबीने 'बाई' म्हणाला की त्या मागे वळून बघायच्या आणि विचारायच्या, "मला हाक मारताय की माझ्यामागे कोणी उभं आहे?" मासळीच्या लिलावाचा हॉल ज्याने पाहिला नाही त्याला सांगून काही कळायचं नाही. वर पत्रा, खाली ओली फरशी, एका कोपऱ्यात बर्फ फोडायचं यंत्र करकरतंय, दुसरीकडे क्रेट आपटतायत, ट्रक मागे घेणारे एकमेकांच्या नावाने शंख करतायत. या सगळ्या कालव्यावरून ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल त्याने लिलाव पुकारायचा. जाऊबाईंचा पोचायचा. माईक त्यांनी कधी हातात धरला नाही. "मुखदुर्बळांनी घ्यावा माईक," म्हणायच्या.

मी त्यांची धाकटी जाऊ. त्याच हॉलमध्ये मासळी निवडते, लहान-मोठी वेगळी करून क्रेट लावते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, या बाईपुढे आपलं काही खरं नाही. घरातसुद्धा त्यांना हळू बोलता यायचं नाही. जेवताना मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन दारात. पण आमचं दोघींचं जमलं. त्या ओरडायच्या, मी टोमणे मारायची, दोघींचे नवरे बाहेर पायरीवर जाऊन बसायचे, आणि आम्ही दोघी आत हसायचो.

आमच्या हॉलचा एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, कारण आमच्याकडे काहीच लिहिलेलं नसतं. एकवार, दोनवार, तीनवार झालं, पुकारणाऱ्याने हात वर केला, की माल शेवटची बोली लावणाऱ्याचा. मग भाव पडो नाहीतर माल नासो, शब्द तो शब्द. जो फिरला त्याची बोली दुसऱ्या दिवसापासून कोणाला ऐकू येत नाही. घसा फाटेस्तोवर ओरडू दे. आणि याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. चूक झाली तर 'चुकलो' म्हणायचं. एकदा म्हटलं की विषय संपला. नंतर त्या माणसाला त्यावरून कोणी टोचायचं नाही, पाठीमागेसुद्धा नाही. जाऊबाई यात फार कडक. मोठे दीर बर्फाचं यंत्र चालवतात. एकदा त्यांनी एकाला कबूल केलेला बर्फ दुसऱ्याला देऊन टाकला. जाऊबाईंनी आपल्या नवऱ्याला हॉलच्या मधोमध उभं करून 'चुकलो' म्हणायला लावलं. दुपारी घरी काही झालंच नाही अशा थाटात त्यांना जेवायला वाढलं. दीर बिचारे मान खाली घालून जेवले.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की पुढे कोर्टात आम्हाला लोकांनी मूर्ख म्हटलं. आम्ही मूर्ख नव्हतो. आम्ही बाजारातली माणसं होतो.

जाऊबाईंच्या गळ्यावर गाठ आली. आधी आवळ्याएवढी होती, मग वाढली. मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनकडे गेलो. नावाजलेला माणूस, भेटीसाठी आठवडाभर आधी नंबर लावावा लागतो. त्याने गळा चाचपला, तपासण्या करून घेतल्या, म्हणाला, गाठ वाईट नाही, पण काढलेली बरी. जाऊबाईंनी एकच विचारलं, "आणि माझा आवाज?"

तो हसला. म्हणाला, "महिनाभरात परत बाजार डोक्यावर घ्याल."

नर्सने कागद पुढे केले, दिरांनी आणि जाऊबाईंनी सह्या केल्या. कोणी वाचलं नाही. आपल्याला कापणाऱ्या माणसासमोर बसून कोण वाचतं? त्यात म्हणे बारीक अक्षरात छापलं होतं की आवाजात बदल होऊ शकतो.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. मला ओठ दिसले, आवाज आला नाही. नुसती हवा. फुग्याचं तोंड नीट बांधलं नाही की येते तशी. सगळे म्हणाले, सूज आहे, उतरेल. सूज उतरली, आवाज काही आला नाही. पाणी प्यायच्या तर ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकायच्या, आणि त्या खोकल्यालासुद्धा जोर नाही.

घरी सोडायच्या दिवशी सर्जन आला आणि आम्हाला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. लिफ्टच्या बाजूला, रिकामी स्ट्रेचर लावून ठेवतात तिथे. इकडेतिकडे बघितलं. म्हणाला, "तुमच्यापासून लपवणार नाही. रक्त थांबवताना रक्तवाहिनी समजून मी आवाजाची नस बांधली. लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. चूक माझी आहे. पुढचं सगळं मी बघतो, तो माझा शब्द. तुम्ही फक्त कोर्टबिर्टाच्या भानगडीत पडू नका."

खोटं कशाला बोलू, त्याचे डोळे भरले होते. माझं डोकं भडकलं होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात जाऊबाईंनी हात वर केला. तसाच, तीनवार झाल्यावर करायच्या तसा. आणि त्या हवेच्या आवाजात म्हणाल्या, "झालं. माणूस आहे. चुकतो."

हॉलमध्ये बातमी पोचली तेव्हा माणसं चवताळली. तिथले सगळ्यात जुने व्यापारी, त्यांना सगळे काका म्हणतात, ते आमच्या घरी आले. म्हणाले, "माझी भाची वकील आहे. उद्याच्या उद्या भेटा तिला." जाऊबाईंनी नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन हॉलमध्ये आल्या, माझ्या कानाला लागल्या, आणि त्या सांगतील ते मी ओरडून सगळ्यांना सांगितलं: डॉक्टरने चूक कबूल केली आहे, पुढचं बघायचा शब्द दिला आहे, तो चांगला माणूस आहे, त्याच्या नावाने आता कोणी वावगं बोलायचं नाही. काका तोंडातल्या तोंडात पुटपुटले, पण गप्प बसले. कायदा सगळ्यांना माहीत होता.

आणि तो बघत होता, हेही खरं. आवाजाचे व्यायाम शिकवणारी एक बाई त्याने दिली. ती जाऊबाईंना आ, ई, ऊ करायला लावायची. मग घशात एक इंजेक्शन दिलं. सहा महिने धीर धरा म्हणाला. मग म्हणाला, नसेला जागं व्हायला वर्ष लागतं. मग म्हणाला, कधीकधी त्याहून जास्त. प्रत्येक वेळी, "मी बघतोय ना." आम्ही माना डोलवायचो.

इकडे हॉलमध्ये पुकारायचं काम दुसऱ्याकडे गेलं. तो माईक घेऊन पुकारायचा आणि तरी शेवटची रांग 'काय, काय' करायची. हॉलच्या मालकाने एकदा जाऊबाईंनाही माईक देऊन पाहिला. त्यातून सगळ्या हॉलभर नुसता श्वास ऐकू आला. दोन पोरगे हसले, काकांनी एकाच्या कानाखाली वाजवली. जाऊबाईंनी माईक खाली ठेवला, आणि त्या दिवसापासून क्रेट धुवायच्या कामाला लागल्या. भोंगा म्हणायचं सगळ्यांनी आपणहून सोडलं. 'बाई' म्हणायला लागले. मला वाटतं त्यांना ते क्रेट धुण्यापेक्षा जास्त लागलं. घरात कोणाला बोलवायचं तर ताटावर चमचा वाजवायच्या. फोन आला तर माझ्या हातात द्यायच्या. मी दिवसभर त्यांची तार आणि त्यांचा टपाल्या. कधीकधी चिडून म्हणायची, "ताई, आधी माझं डोकं खायचात ते परवडलं." त्या हसायच्या, पण हसण्याचाही आवाज नाही, नुसते खांदे हलायचे.

मग हळूहळू सर्जन भेटेनासा झाला. ऑपरेशनमध्ये आहेत. परगावी आहेत. मीटिंगमध्ये आहेत. शेवटी एक मॅनेजर आला, कडक इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, "तुमच्या फाइलमध्ये चूक वगैरे झाल्याचा काही उल्लेख नाही. आवाज बदलू शकतो हे तुम्हाला माहीत होतं, ही बघा तुमची सही. आणि यापुढे व्यायामाच्या बाईंकडे यायचं तर नेहमीसारखी फी भरावी लागेल."

जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी शब्द दिला होता." मॅनेजरने कान पुढे केला, मग माझ्याकडे बघितलं. मी तेच मोठ्याने म्हटलं. तो म्हणाला, "शब्द म्हणजे काय?" विनोद करत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

तेव्हा कुठे आम्ही काकांच्या भाचीकडे गेलो. झेरॉक्सच्या दुकानावर तिचं ऑफिस, जिना इतका अरुंद की मोठे दीर आडवे होऊन चढले. वकीलबाई वयाने लहान, पण बोलायला स्वच्छ. तिने बोटांवर मोजून रस्ते सांगितले. ग्राहक न्यायालयात भरपाई मागता येते. डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार करता येते, ती त्याचा परवाना रोखू शकते, पण तिथे डॉक्टरच डॉक्टरचा न्याय करतात. पोलिसात जाता येतं, पण तिथे नुसती चूक चालत नाही, आंधळा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दिवाणी दावा आहे, पण त्याचा निकाल नातवंडं बघतील. "आणि सगळीकडे," ती म्हणाली, "दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत लागेल." मग पेन उचललं आणि विचारलं, "नस बांधली गेली हे तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हटलं, "घरी सोडलं त्याच दिवशी. त्यानेच सांगितलं."

तिने तारीख विचारली आणि पेन खाली ठेवलं. ग्राहक न्यायालयात जायला कळल्यापासून दोन वर्षं मिळतात. आमची उलटून गेली होती. "इतके दिवस का थांबलात?"

"त्याने बघतो म्हटलं होतं."

"लिहून दिलं होतं?"

दीर म्हणाले, "आमच्याकडे लिहून कोण देतं?"

वकीलबाईने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, उशीर माफ करा असा अर्ज देता येतो. थांबण्याला सबळ कारण होतं हे पटवावं लागेल. कारण एकच आहे, त्याचा शब्द. तो त्याने दिला होता हे त्याने मान्य केलं तर केस उभी राहील. नाही केलं तर दारातूनच परत.

जिना उतरताना जाऊबाई निर्धास्त होत्या. "त्याच्या तोंडावर विचारलं तर तो नाही म्हणायचा नाही," माझ्या कानात म्हणाल्या. "मी बघितलेत त्याचे डोळे." पैसे मिळाले तर घेईन, नाही कशाला म्हणू, असंही म्हणाल्या. पण त्यांना हवं होतं ते वेगळंच. व्हरांड्यात कोपऱ्यात जे बोलला ते त्याने एकदा चारचौघांत बोलावं. दुसऱ्याच्या माईकखाली क्रेट धुणाऱ्या बाईचा आवाज कसा गेला, हे निदान लोकांना कळू दे.

दुसऱ्या डॉक्टरचं मत मिळवताना आमची दमछाक झाली. एकाने नाकातून कॅमेऱ्याची नळी घालून पडद्यावर आम्हाला दाखवलं: घशातला आवाजाचा एक पडदा हलतोय, दुसरा ढिम्म. "नस गेलेली आहे," म्हणाला. मी म्हटलं, "मग तेवढं लिहून द्या." तो हात धुवायला उठला. "लिहिणार नाही. उद्या माझ्या हातूनही असं होऊ शकतं." म्हणजे यांच्यातही शब्द असतो, फक्त तो आपसात असतो. लोक मासळीवाल्यांना बेरकी म्हणतात. शेवटी एका निवृत्त डॉक्टरांनी लिहून दिलं, तेही दोन ओळी, आणि दार लावताना म्हणाले, माझ्याकडे परत येऊ नका.

सुनावणीचा दिवस आला. तीन न्यायाधीश, पंख्याचा आवाज, बाकांवर आमच्यासारखीच तोंडं. सर्जन पहिल्या बाकावर होता. केस पांढरे झाले होते. जाऊबाईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला करतात तशी. त्याने फोन बघितला.

जाऊबाईंना पुढे बोलावलं. त्या बोलू लागल्या. मधले न्यायाधीश म्हणाले, "जरा मोठ्याने." आमच्या वकीलबाईने हळूच सांगितलं तेव्हा ते वरमले, पण लिहिणाऱ्या कारकुनाला तरी काही ऐकू येईना. मी उठून म्हटलं, मी सांगते. समोरच्या वकिलाने हरकत घेतली: साक्षीदाराने स्वतः बोललं पाहिजे. मग जाऊबाई कारकुनाच्या खुर्चीशी गेल्या आणि त्याच्या कानात साक्ष दिली. आवाज नेणारा पहिल्या बाकावर बसलेला आणि आवाज गेलेली बाई कारकुनाच्या कानाशी वाकलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी बघितला.

नंतर मला उभं केलं. समोरचा वकील गोड बोलणारा. म्हणाला, "ताई, ऑपरेशननंतर तुम्ही बाजारात सगळ्यांना सांगितलंत की डॉक्टर चांगला माणूस आहे, त्याच्याबद्दल कोणी वाईट बोलू नये. खरं की खोटं?"

मी म्हटलं, "खरं, पण ते..."

"एवढंच विचारलं. म्हणजे तेव्हा तुमची तक्रार नव्हती."

मी ओरडले. तक्रार नव्हती कशी, त्याने चुकलो म्हटलं होतं, आमच्यात चुकलो म्हटल्यावर तोंड उचकटत नाहीत, ही आमची रीत आहे. न्यायाधीशांनी मला आवाज कमी करायला सांगितला. त्या खोलीत त्यांना जास्त झालेला आवाज तेवढा माझाच.

शेवटी सर्जन. आमच्या वकीलबाईने सरळ विचारलं, "नस बांधली, चूक माझी, पुढचं मी बघतो, माझा शब्द. असं तुम्ही म्हणालात का?"

जाऊबाई पुढे सरकून बसल्या.

तो म्हणाला, "रुग्णाला धीर देण्यासाठी सहानुभूतीचे शब्द वापरले असतील. चूक झाली असं मी म्हटल्याचं आठवत नाही. अशा शस्त्रक्रियेत ही ज्ञात गुंतागुंत आहे." एका दमात म्हणाला. घोकलेलं होतं. आमच्याकडे मात्र बघितलं नाही.

निकाल त्याच बैठकीत झाला, इतका तो सोपा होता. डॉक्टरांवरचा नुसता विश्वास हे उशिराचं पुरेसं कारण नाही. अर्ज नामंजूर. नस कोणी बांधली, का बांधली, यात कोणी शिरलंच नाही. वकीलबाई म्हणाली, वर अपील आहे, परिषदेचं दार अजून उघडं आहे, आपण सोडायचं नाही. ती पोटतिडकीने बोलत होती. जाऊबाई तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या, जसं काही तीच हरली होती.

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात मागून पावलं वाजली. सर्जन एकटाच होता, वकील मागे राहिला होता. इकडेतिकडे बघितलं. म्हणाला, "बाई, मला फार वाईट वाटतंय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आत दातखीळ बसली होती का?" मी म्हटलं. "व्हरांड्यातच बरं तुम्हाला वाईट वाटतं."

"वकिलाने बजावलं होतं," तो म्हणाला. "विमा असतो, रुग्णालय असतं, माझ्या एकट्याच्या हातात नाही." मग जाऊबाईंकडे वळला. "पण तुम्ही तेव्हा मला माफ केलं होतंत. मला आठवतंय ते. त्या आधारावर मी परत ऑपरेशनला उभा राहू शकलो."

म्हणजे त्याला आठवत होतं. सगळं लख्ख आठवत होतं.

जाऊबाईंनी त्याला जवळ बोलावलं. तो वाकला, कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्या म्हणाल्या, "केलं होतं. ते मी परत घेते."

तो तसाच वाकलेला राहिला. आम्ही निघून आलो.

बसमध्ये खिडकीशी बसवलं त्यांना. अर्ज नामंजूर झाला तेव्हा डोळ्यांतून टिपूस नव्हतं काढलं. आता खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं हसतायत. मग चेहरा दिसला. मी म्हटलं, "ताई, रडू नका, अपील करू, त्या मेल्याला सोडणार नाही मी." त्या मान हलवत राहिल्या. मी कान जवळ नेला.

"त्यासाठी नाही गं," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं पुकारलं. दिलेला शब्द आज पहिल्यांदा मोडला मी."